टोप धुवायला काढले तेव्हा

“उद्या सकाळी टोप धुवायचेत, हाताखाली कुणीतरी या गं,” असा निरोप मी बिल्डिंगमध्ये धाडला आणि दुसऱ्या दिवशी दोघीजणी काथ्या नि भांड्यांचा साबण घेऊन दारात हजर! मुंबईच्या स्वयंपाकघरात टोप म्हणजे पातेलं, हे मी विसरलेच होते. माझ्यापुढे मात्र पडले होते केसांचे टोप. नाटकातले. हसून हसून पुरेवाट झाली आमची.

आम्ही राहतो कॉटन ग्रीनला. हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मधलं हे स्टेशन. कापूस बाजाराची जुनी इमारत, गोदामं आणि एके काळच्या गिरणी कामगारांची घरं अशी ही वस्ती. माझे सासरे साचा खात्यात होते. पाळी संपली की नाटकाची तालीम! अंगानं बारीक, आवाज गोड, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हमखास बाईची भूमिका यायची. १९८२ च्या संपानंतर हळूहळू गिरण्या गेल्या, तशा तालमीही गेल्या. मंडळाची लोखंडी ट्रंक तेवढी आमच्या माळ्यावर राहिली. २०२५ च्या महिला दिनाला आमच्या महिला मंडळानं एकांकिका बसवायची ठरवलं, तेव्हा ती ट्रंक खाली उतरली.

आत काय नव्हतं! म्हातारीचा पांढरा टोप, अंबाडा घातलेला एक, लांब केसांचा एक, दोन गंगावनं, शेंडीचा टकलाचा टोप आणि मिशांची पुडी. पण सगळ्याला कुबट वास, केसांच्या जटा झालेल्या. लालबागच्या एका जुन्या रंगभूषाकारांना विचारून विचारून मी ते धुतले आणि गॅलरीत पालथ्या डब्यांवर वाळत घातले. मुलांना तर खेळच झाला. “काकूंच्या गॅलरीत मुंडकी!” म्हणून सगळा मजला गोळा झाला.

या गोंधळात एकजण मात्र गप्प उभी होती. शेजारच्या वहिनींची मावसबहीण. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावाहून स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात आलेली. दुसरी केमो झालेली, डोक्याला घट्ट रुमाल. मुलं पांगल्यावर ती हळूच म्हणाली, “ताई, ह्यातला एक मी घालून पाहू का?”

मी म्हटलं, “अगं घाल की!” लांब केसांचा टोप तिनं आरशासमोर धरला. हसली. मग खुर्चीवर टेकून सांगायला लागली. मागच्या खेपेला ती गावी गेली होती. उकाड्यानं रुमाल काढून ओट्यावर बसली होती. शेजारच्या आजी आल्या. “त्यांनी आधी माझ्या डोक्याकडं पाह्यलं, मग गळ्याकडं. पोत आहे का ते बघायला. आमचे हे तर आतच बसलेले होते, ताई.”

त्यानंतर मला काही बोलताच येईना.

कॅन्सर झाला तेव्हा ती रडली असेल, पण तिला आतून लागलं ते हे. तुळतुळीत डोकं पाहून त्या आजींच्या मनात आजार आलाच नाही. आधी आलं ते वैधव्य. आजी वाईट नव्हेत. त्यांनी लहानपणी जे पाहिलं, ऐकलं, ते त्यांच्या डोळ्यांत राहिलंय. आणि खरं सांगू? थोडं आपल्याही डोळ्यांत आहे. ‘बोडकी’ हा शब्द अजून आपल्या भाषेत शिवीसारखाच वापरला जातो.

म्हणून वाटलं, टोप या विषयाकडे जरा नीट बघावं. कारण केस या गोष्टीवर आपल्या महाराष्ट्रानं फार विचित्र हिशेब ठेवलेत. आपल्या नाटकाची सुरुवात आपण १८४३ ची, सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’ची धरतो. पुढे कितीतरी वर्षं बहुतेक नाटक मंडळ्यांत स्त्रीची भूमिका पुरुषच करत. घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहणं म्हणजे अब्रू गेली! म्हणजे बाईला तिथे जागा नव्हती, म्हणून बाईच्या टोपाला जागा मिळाली. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची केशरचना, त्यांचा गजरा, त्यांचं लुगडं नेसणं पाहून घरोघरच्या बायका तसं करू लागल्या, हे आपण आजीकडून ऐकलेलं आहे.

आणि याच काळात कित्येक घरांत काय चाललं होतं? नवरा गेला की बाईचे केस उतरवले जात. लाल आलवण आणि माजघराचा कोपरा. पुरुषाच्या डोक्यावरच्या लांब केसांना टाळ्या आणि बाईच्या डोक्यावर वस्तरा! १८९० मध्ये याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांची सभा घेतली आणि आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही, असा निर्धार त्या न्हाव्यांनी केला. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ मध्ये उभी करणारे. आमच्या भागात त्यांचं नाव कामगारांसाठी घेतात. बायकांनीही घ्यायला हवं. वस्तरा थांबायला पुढे अनेक वर्षं लागली. पण वस्तरा गेला तरी नजर शिल्लक राहिली.

ही नजर किती जड असते, ते बुलढाण्यानं दाखवलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले. दोन-चार दिवसांत टक्कल. पावणेतीनशेच्या आसपास लोकांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. दिल्ली-चेन्नईहून पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासणी करून, रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार जास्त असल्याचं फेब्रुवारीत मांडलं. पुढे अनेकांचे केस परत येऊ लागले. पण मधल्या काळात मुलींनी कॉलेजला जाणं थांबवलं, ठरलेली लग्नं अडकली, अशा बातम्या आपण वाचल्या. धान्याच्या दोषाची शिक्षा मुलींना! पुरुषाच्या टकलावर आपण विनोद करतो आणि विसरतो. बाईच्या टकलाला आपण अर्थ चिकटवतो.

मग टोप घालणं म्हणजे लपवाछपवी का? मला नाही वाटत. चष्मा घालतो, कवळी बसवतो, तसाच टोप. ज्या बाईला चार लोकांत जाताना प्रश्न नको असतील, तिनं खुशाल घालावा. नको असेल तिनं घालू नये. पण घालायचा तर तो नीट घालता आणि सांभाळता आला पाहिजे. ही विद्या नाटकवाल्यांकडे आहे, आणि ती गरजेची आहे, कारण आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडतो तो नाटकातल्यासारखाच, कृत्रिम धाग्याचा टोप. मी चौकशी केली तेव्हा साधा कृत्रिम टोप हजार-दोन हजारांपासून होता. खऱ्या केसांचा चांगला टोप मात्र वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच.

पहिली चूक मीच केली असती. ट्रंकेतला टोप तिच्या डोक्यावर चढवायला मी निघाले होते. बरं झालं, आधी तिच्या नर्सबाईंना विचारलं. केमोच्या काळात डोक्याची कातडी फार हळवी झालेली असते, प्रतिकारशक्ती कमी असते. दुसऱ्यांनी वापरलेला, खरबरीत जाळीचा टोप आणि तो चिकटवायचा स्पिरिट गम, यांतलं काहीही तिला चालणार नाही. रंगमंचावरचा टोप दोन-तीन तासांचा असतो, हिला तो दिवसभर घालायचा होता. म्हणून तिच्यासाठी नवा, हलका, आतून मऊ जाळीचा टोप आणला. त्याखाली घालायला सुती कापडाची पातळ टोपी मी घरीच शिवली.

तुमच्या घरात अशी वेळ आली तर एक लक्षात ठेवा. सगळ्याच केमोनं केस जात नाहीत, पण ज्यानं जातात त्यानं बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात. टोप घ्यायचा असेल तर केस असतानाच दुकानात जावं, म्हणजे रंग आणि वळण जुळवता येतं. माप घेताना टेप कपाळावरच्या केसांच्या रेषेवरून, कानांच्या मागून, मानेच्या वरून फिरवायची. केस गेल्यावर माप थोडं कमी होतं, म्हणून मागे घट्ट-सैल करायच्या पट्ट्या असलेलाच टोप घ्यावा. बाकी, उपचार संपले की बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येतात. आधी वेगळेच, कुरळे किंवा पांढरट येतात कधी कधी. घाबरायचं नाही.

आता घालायचा कसा? स्वतःचे केस असतील तर ते आधी सपाट बांधून वर जाळीची टोपी चढवायची. टोप दोन्ही हातांनी धरून कपाळाकडून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. दोन्ही कानांसमोर छोटे पट्टे असतात, ते सारख्या रेषेत आले की टोप सरळ बसला म्हणून समजायचं. नवशिक्या बायका टोप फार खाली ओढतात आणि कपाळच नाहीसं होतं. आपल्या भुवयांच्या वर चार बोटं सोडावीत, असं आमचे रंगभूषाकार सांगतात.

धुण्याचं तंत्र लोकरीच्या स्वेटरसारखं आहे. आधी कोरड्या टोपातला गुंता मोठ्या दातांच्या फणीनं टोकांकडून वर सोडवत जायचा. मग बादलीत गार पाणी आणि थोडासा शाम्पू. टोप त्यात बुडवून ठेवायचा, वरखाली हलवायचा. चोळायचा नाही, पिळायचा तर मुळीच नाही. स्वच्छ पाण्यातून काढून टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत वाळवायचा. खास स्टँड हवाच असं नाही, पालथा डबा किंवा मोठा तांब्या पुरतो. ओला असताना विंचरू नये, धागा ताणला जातो. रोज वापरात असेल तर आठ-दहा दिवसांनी धुतला तरी चालतो. आणि तेल? आपला हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. टोपाला तेल लावायचं नाही, खऱ्या केसांच्या टोपालाही नाही. धूळ बसते आणि जाळी खराब होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आग. कृत्रिम धागा उष्णतेनं आक्रसतो, वितळतो, पेट घेतो. गॅसपाशी उभं राहताना, कुकरचं झाकण काढताना, निरांजन ओवाळताना टोप काढून ठेवावा आणि साधा सुती रुमाल बांधावा. केस वाळवायचं गरम यंत्र किंवा इस्त्री त्याच्या जवळही नेऊ नये. ठेवताना जाळीत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा. पावसाळ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला सोबत टाकावा. आजारी माणसाच्या टोपात डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास त्यांना सोसत नाही.

हेच नियम मुलांच्या स्नेहसंमेलनालाही लागू आहेत. कुणी जिजाऊ होते, कुणी झाशीची राणी होते. एकच भाड्याचा टोप या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरतो आणि मग घरोघर उवा निघतात! आणल्यावर आधी धुवा आणि आत प्रत्येकीची वेगळी टोपी घाला. शाळेतल्या बाईंना एवढं सांगायला हरकत नाही.

आता जरा वेगळ्या बाजूनं बघू. तुमच्या गल्लीत ‘केसांवर भांडी’ म्हणत येणारी बाई येते ना? विंचरताना निघालेले केस आपण पिशवीत साठवतो आणि वाटी-चमच्यावर देऊन टाकतो. ते केस पुढे गोळा होतात, निवडले जातात, धुतले जातात आणि त्यातले बरेचसे परदेशात जातात. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचाही लिलाव होतो. २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. कच्चा माल स्वस्तात बाहेर जातो आणि इथल्या कारागिरांच्या हाताला काम राहत नाही, ही तक्रार जुनीच होती. म्हणजे बघा, गावातल्या बाईचे केस वाटीच्या मोलानं जातात आणि त्याच गावातल्या आजारी बाईला खऱ्या केसांचा टोप परवडत नाही.

अलीकडे मुली कॅन्सरच्या रुग्णांसाठी केस दान करतात. कौतुकच आहे. पण एक टोप व्हायला अनेकींचे केस लागतात आणि जाळीवर एकेक बट गाठीनं ओवायची म्हणजे दिवसच्या दिवस जातात. खर्च असतो तो त्या हातांचा. म्हणून नुसते केस देऊन पुरत नाही, पैसे आणि वेळही द्यावा लागतो. केस द्यायचेच तर किती लांब हवेत, रंगवलेले चालतात का, ते आधी विचारावं आणि वेणी घालून, दोन्ही टोकं बांधून, मग कापावेत. सुटे कापलेले केस उलटसुलट होतात.

सरकारकडे मागायचं तेही मागायला हवं. मी रुग्णांसाठी मदतीचे कितीतरी अर्ज भरून दिलेत. औषधं, तपासण्या, प्रवास, सगळ्याला रकाना असतो. टोपाला रकाना असलेला अर्ज माझ्या हाती अजून आलेला नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून काही रुग्णांना टोप मोफत आणि इतरांना सवलतीत मिळतो. तिथे तो उपचाराचाच भाग धरतात. आपल्याकडे बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. मग बाईच्या डोक्याचा प्रश्न ‘नटण्यामुरडण्याचा’ म्हणून बाजूला का पडतो? जो माणूस घराबाहेर पडायला लाजतो, तो पुढच्या तारखेला दवाखान्यातही जायला लाजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आमच्या पाहुणीचं सांगते. तिच्या गावच्या घराचं बांधकाम आजाराआधी पूर्ण झालं होतं, वास्तुशांत तेवढी राहिली होती. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त होता. डॉक्टरांना विचारून ती गेली. जाताना टोप खोक्यात, आणि माझ्या सूचना पाठ. आठवडाभरानं तिचा फोन आला.

“ताई, गाडीत घातला, पाहुण्यांसमोर घातला. कुणाला कळलंसुद्धा नाही. पण होमाला बसायचं होतं ना! तुम्ही म्हणाला होतात, आगीजवळ नको.”

“मग काय केलंस?”

“काढून ठेवला. डोक्यावरून पदर घेतला नि ह्यांच्या शेजारी बसले. धुरानं डोळे चुरचुरले, हात वर केला, तर पदर घसरला. परत नाही घेतला मी.”

मी विचारलं, “त्या आजी होत्या का गं?”

“होत्या. मागं बसल्या होत्या. ओटी भरायला नाही उठल्या. बाकीच्या बायांनी भरली.”

एवढं बोलून ती घराच्या फरशीबद्दल सांगत बसली.

तिचे उपचार पुढे पूर्ण झाले. केस बोटभर वाढले, तेव्हा तिनं तो टोप स्वच्छ धुऊन, जाळीत घालून मला परत पाठवला. “दुसरीला देऊ नका, नर्सबाई ओरडतील, तुमच्या नाटकाला ठेवा,” अशी चिठ्ठी सोबत. आमची ट्रंक आता माळ्यावर नाही, पलंगाखाली असते, आणि तिच्यात शिवलेल्या नव्या सुती टोप्यांचा गठ्ठाही असतो. त्या टोप्या आम्ही परळला उपचारासाठी येणाऱ्या बायकांना देतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या महिला मंडळाला, भिशीला, हे जमण्यासारखं आहे. जुन्या सुती साड्यांच्या मऊ टोप्या शिवा. एखादा नवा टोप मंडळाच्या पैशातून गरजूला घेऊन द्या. आणि हळदीकुंकवाला रुमाल बांधलेली एखादी बाई आली, तर तिच्या गळ्याकडे न बघता आधी करंडा पुढे करा.